एकाच रेखांशावरची दोन गावं

मंडळी, जन्मभर मी मुलांना एक गणित घातलं. अंतर दिलंय, वेग दिलाय, वेळ काढा. परवा नकाशा घेऊन तेच स्वतःला घालून बघितलं आणि चक्क नापास झाले!

गावं निवडली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातली. पार आतल्या उजाड मुलखातलं बर्ड्सव्हिल, आणि त्याच्या उत्तरेला खाणींचं माउंट आयझा. गंमत म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. अक्षांशांत फरक साधारण ५.२ अंशांचा, एका अंशाचे १११ किलोमीटर, म्हणजे सरळ अंतर सुमारे ५७५. रस्त्याने सातशेच्या आसपास. या मार्गावर उडालेल्या ३४ आसनी साब ३४० विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या घरात. उत्तर सोपं, सव्वा तासाच्या आत!

पण हे विमान सरळ जातच नाही. ब्रिस्बेनहून निघून टुवूम्बा, चार्लव्हिल, क्विल्पी, विंडोरा करत ते बर्ड्सव्हिलला येतं. पुढे बेडूरी, बूलिया, आणि मग माउंट आयझा. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, माणसं-सामान घ्यायचं, पुन्हा उडायचं. शिवाय ही फेरी आठवड्यातून दोनदाच. आजचं विमान चुकलं तर ‘सव्वा तास’ या उत्तराला काय अर्थ उरला?

मग गाडीने जावं म्हटलं, तर डायमँटिना नदी आहे. बर्ड्सव्हिलमध्ये थेंबभर पाऊस नसतानाही वरच्या अंगाला पडलेलं पाणी सपाट मुलखात पसरत पसरत येतं आणि रस्ते बंद पाडतं. या गावाची टपाल आणणारा टॉम क्रूझ (सिनेमातला नव्हे हो!) १९३६ पासून मारीहून ५१७ किलोमीटरच्या वाटेवर ट्रक हाकायचा. वाळूत चाकं रुतली की खाली लोखंडी पत्रे टाकायचे आणि पुढे सरकायचं.

हा विमानमार्ग सरकारी अनुदानावर चालतो. शे-सव्वाशे वस्तीच्या गावासाठी एवढा खर्च कशाला, असं कोणी विचारू शकेल. हिशेबाने ते खरंही असेल. पण दर माणशी किती पैसे पडले, एवढंच मोजलं तर माझ्या गणितासारखीच चूक होते. बर्ड्सव्हिलला छोटा दवाखाना आहे, इस्पितळ नाही. जिवावरच्या दुखण्याला १९२८ साली क्लोनकरीहून सुरू झालेली ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा धावून येते. पण क्ष-किरण काढायचाय, बाळंतपणासाठी आधी जाऊन राहायचंय, अशा घाई नसलेल्या, तरीही टाळता न येणाऱ्या कामांचं काय? त्यांना ही फेरीच हवी. विमानात चारच डोकी असली तरी ती चालू राहिली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुन्हा वर्गावर उभी राहिले, तर त्या गणितात एक ओळ वाढवीन: पुढचं विमान कोणत्या वारी आहे?