आजन्म औषध, आजन्म खर्च

वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही आणि ते उतरविणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीने बरे वाटल्याचेही जाणवत नाही. म्हणूनच महिनाअखेरीस ओढाताण सुरू झाली की निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात पहिली काटछाट याच गोळीची होते. गोळी थांबली की काही आठवड्यांतच कोलेस्टेरॉल पुन्हा चढते आणि हृदयविकाराचा धोकाही परततो.

वस्तुतः आपल्या देशात हे औषध महाग असण्याचे कारण नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर ते बनविण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मान्य केले. त्यामुळे अमेरिकेत ॲटोर्व्हास्टॅटिनवरील मक्तेदारी २०११ पर्यंत टिकली, तरी भारतीय कंपन्या ते कितीतरी आधीपासून विकत होत्या. २००८ पासून जनऔषधी केंद्रेही उघडली.

मग खिशाला चाट का? कारण चिठ्ठीवर औषधाऐवजी ब्रँड लिहिला जातो. शक्यतो जेनेरिक नाव लिहावे, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतच होते. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते बंधनकारक केले. मात्र त्याच ऑगस्टमध्ये नियमावली स्थगित झाली. स्वस्त औषधाच्या दर्जाविषयी डॉक्टरांची शंका अनाठायी नाही. पण तिचे उत्तर काटेकोर तपासणी हे आहे, महागडे नाव नव्हे.

शासनाने ती तपासणी चोख करावी. रुग्णानेही परस्पर गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांकडे जेनेरिक नाव निःसंकोच मागावे. ती भीक नव्हे, हक्क आहे.