कर्ब गाडण्याचा खर्च कोणी उचलायचा?

चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच, कारण तो दगडातच असतो. सिमेंट उद्योगाच्या उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा या दगडाचा आहे. नॉर्वेतील ब्रेविक येथल्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून हा वायू धुराड्यातच अडवला जातो. तो द्रवरूप करून जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर नेतात आणि तिथून सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या नळाने समुद्रतळाखाली २,६०० मीटर खोल असलेल्या वालुकाश्मात सोडतात. कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे ४ लाख टन. हे तंत्र नवे नाही. नॉर्वेच्याच स्लाइप्नर वायुक्षेत्रात १९९६ पासून कर्बवायू समुद्राखाली पुरला जात आहे. अडलेला प्रश्न आहे तो पैशाचा.

कर्ब पुरण्यातून विकता येईल असे काहीच तयार होत नाही. या बाबतीत तो सांडपाण्यासारखा आहे. गावाची गटारे कोणी नफ्यासाठी बांधत नाही. ती बांधली नाहीत तर पटकी, हगवण आणि कावीळ पसरते, म्हणून सर्वांच्या करातून बांधावी लागतात. स्लाइप्नरचा प्रकल्प उभा राहिला तोही नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातील तेल-वायू उद्योगावर कर्ब कर लावला म्हणून. वायू हवेत सोडण्यापेक्षा पुरणे स्वस्त झाले, तेव्हाच कंपनीने तो पुरला. ब्रेविकचा कारखाना ज्या योजनेचा भाग आहे, तिच्या २०२० मधील अंदाजित २,५०० कोटी क्रोनर खर्चापैकी सुमारे दोनतृतीयांश भार नॉर्वे सरकारने उचलला. श्रीमंत, तेलसंपन्न देशातही सरकारी तिजोरी उघडल्याशिवाय हे काम झाले नाही.

खडक एका देशात आणि धूर दुसऱ्या देशात, अशी स्थिती असली की सहकार्याला पर्याय उरत नाही. तिथे कायदाच आडवा आला. समुद्रात कचरा टाकण्यावर निर्बंध घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉलने टाकण्यासाठी कचरा दुसऱ्या देशात पाठवण्यास बंदी केली होती. पुरण्यासाठी नेला जाणारा कर्बवायूही तिच्या कक्षेत आला. २००९ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली, पण पुरेशा देशांनी तिला अनुमोदन दिले नाही. अखेर २०१९ मध्ये ती तात्पुरती लागू करण्याची मुभा देण्यात आली. २०२४ मध्ये नॉर्वेने बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि स्वीडन यांच्याशी करार केले. एका परवानगीसाठी दहा वर्षे गेली आणि तेवढ्या काळात गुंतवणूकदार हात आखडून बसले.

गरीब देशांच्या वाट्याला याहून कमी आले. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांनी २००९ मध्ये यासाठी विशेष निधी उभारले. त्यातून मुख्यतः अभ्यास, प्रशिक्षण आणि पूर्वतयारी झाली. २०११ च्या डर्बन परिषदेत क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत अशा प्रकल्पांना जागा देणारे नियम ठरले, पण लगेचच तिच्या कर्ब प्रमाणपत्रांचे भाव कोसळले आणि नियम कागदावर राहिले.

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्राने अशी कोंडी एकदा फोडली आहे. न्यूमोकोकस जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची लस गरीब देशांना परवडत नव्हती, आणि ग्राहक नाही म्हणून कंपन्या उत्पादन वाढवत नव्हत्या. २००९ मध्ये इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी १५० कोटी डॉलरची आगाऊ हमी दिली. लस ठरलेल्या दर्जाची असेल आणि गरीब देशांनी ती मागितली तरच हे पैसे मिळणार होते. २०१७ पासून भारतातल्या सरकारी लसीकरणातही ही लस टप्प्याटप्प्याने आली. कर्बाबाबत हेच सूत्र लावता येईल. प्रकल्प जाहीर केल्याबद्दल एक पैसाही मिळू नये. प्रत्यक्ष पुरलेल्या आणि त्रयस्थाने मोजलेल्या प्रत्येक टनामागे मात्र हमीचा दर मिळावा.

हा पैसा कुठून यावा, याचे एक उत्तर समोरच आहे. युरोपीय संघाने सिमेंट, पोलाद आणि अन्य काही आयात मालावर सीमेवरचा कर्ब आकार २०२६ पासून प्रत्यक्ष लागू केला आहे. भारतीय पोलादावरचा हा आकार युरोपच्याच तिजोरीत जाणार. त्यातला काही भाग ज्या देशांच्या मालावर तो बसतो, त्यांच्या भट्ट्या सुधारण्यासाठी परत यावा, ही मागणी दानाची नाही. भारताने २०२३ मध्ये पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली परदेशांशी सहकार्यासाठी जी कामे निवडली, त्यांत कर्ब पकडणे आणि साठवणे आहे. महाराष्ट्राचा संबंध तर पायाखालचाच आहे. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये बेसॉल्ट खडकात सोडलेल्या कर्बवायूपैकी सुमारे ९५ टक्के वायूचा दोन वर्षांच्या आत खनिज दगड झाला. दख्खनचे पठारही बेसॉल्टचेच, मात्र दोन्हीकडच्या खडकांचे वय आणि घडण वेगळी. इथे ते जमेल का, हे खोल विंधनविवरे घेऊन पाहावे लागेल, आणि असा प्राथमिक शोध हेच आंतरराष्ट्रीय निधीचे पहिले काम ठरावे.

महागडे औषध ज्याला दुसरा उपाय नाही अशाच रुग्णासाठी राखून ठेवतात. सिमेंट हा तसा रुग्ण आहे. कोळशाच्या विजेला सूर्य आणि वारा हे स्वस्त पर्याय उपलब्ध आहेत. अमेरिकेत टेक्सासमधील पेट्रा नोव्हा या वीजकेंद्रावरच्या प्रकल्पात पकडलेला वायू तेल उपसण्यासाठी वापरला जात होता. २०२० मध्ये तेलाचे भाव पडताच प्रकल्प बंद ठेवला गेला, तो २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. शिवाय कर्ब पकडायलाच बरीच ऊर्जा लागते, म्हणजे तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो. गंधकाचा वायू आधी काढला नाही तर कर्ब पकडणारे रसायनही खराब होते. आपल्या औष्णिक केंद्रांसाठी गंधकाची मर्यादा २०१५ मध्ये ठरली, अनेकदा पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रे बसवण्यातून सूट मिळाली. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यातल्या दमेकऱ्याला धूळ आणि गंधक आज छळतात. त्यांचा बंदोबस्त टाळून कर्बासाठी परदेशी निधी मागणे म्हणजे ताप मोजायच्या आधीच शस्त्रक्रियेची तारीख ठरवणे.

सुरक्षेचा खर्चही याच हिशेबात धरला पाहिजे. २०२० मध्ये मिसिसिपीतील सटार्शिया गावाजवळ कर्बवायूचा नळ फुटला. प्राणवायूअभावी गाड्यांची इंजिने बंद पडली आणि ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. हा वायू रंगहीन आणि हवेपेक्षा जड असतो, तो सखल भागात साचतो. नळ ज्या गावांवरून जाईल तिथे धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, रुग्णवाहिका आणि प्रशिक्षित प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. साठ्यावर पुढची अनेक दशके कोण लक्ष ठेवणार, हेही करारातच लिहिलेले हवे. युरोपच्या २००९ च्या नियमानुसार साठा बंद केल्यावर साधारण वीस वर्षे तरी ही जबाबदारी कंपनीवर राहते, त्यानंतरच ती सरकारकडे जाऊ शकते.

जगभरात वर्षाला कर्ब पकडण्याची क्षमता आज सुमारे ५ कोटी टन आहे, तर ऊर्जाक्षेत्राचे उत्सर्जन ३,७०० कोटी टनांच्या पुढे. ही तफावत पाहता हे तंत्र सगळ्या दुखण्यांवरचा इलाज ठरणार नाही. जिथे दुसरा इलाज नाही तिथे मात्र ते लागणारच, आणि त्याचे बिल ज्यांच्या धुराड्यांनी आजवर सर्वाधिक धूर सोडला त्यांनी आधी भरले पाहिजे. भारतानेही परिषदांमध्ये केवळ निधीची एकूण रक्कम मागत बसू नये. कोणत्या भट्टीसाठी, किती टनांसाठी आणि कोणाच्या मोजमापावर हा पैसा मिळेल, याची यादी हातात घेऊन वाटाघाटीला जावे.