घरात आणलेला फळा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवावयाचे, हा विचार आता नाशिकच्या सुशिक्षित वस्तीतही नवलाचा राहिलेला नाही. त्याला 'होमस्कूलिंग' असे नाव आहे, आणि नाव इंग्रजी असले की विचार निम्मा पटलेलाच असतो, हा आपला जुना अनुभव. माझा या विचाराला विरोध नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. ज्या शाळेत इतिहास म्हणजे सनावळी आणि विज्ञान म्हणजे व्याख्या, त्या शाळेच्या बाकावर एखादे मूल बसले नाही म्हणून काही आभाळ कोसळत नाही. माझी तक्रार निराळी आहे. या मंडळींनी मूल शाळेतून काढले खरे, पण शाळा खांद्यावर घेऊन घरी आणली.

दिवाणखान्याच्या भिंतीवर फळा येतो. स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक चिकटते. 'मुलाने हाताने करून शिकावे' हे तत्त्व तर सर्वांच्या तोंडी असते. आणि ते आचरणात आणावयाचे म्हणून घरपोच एक खोका मागविला जातो. खोक्यात सर्व काही असते: साहित्य, सूचना आणि उत्तरसुद्धा. त्यांतला सर्वांत लोकप्रिय प्रयोग म्हणजे ज्वालामुखी. मातीचा डोंगर करावयाचा, त्याच्या पोटात खाण्याचा सोडा घालावयाचा, वरून व्हिनेगर ओतावयाचे. फेस येतो, मूल टाळ्या पिटते, आई छायाचित्र काढते. आम्ल आणि सोडा यांच्या या फसफसण्याचा ज्वालामुखीशी काडीचाही संबंध नाही, ही गोष्ट कोणी बोलत नाही. पण खरा विनोद पुढेच आहे. हा प्रयोग ज्या इमारतीत चालतो तिच्या पायाखाली आणि खिडकीसमोर साक्षात लाव्हाच पसरलेला आहे! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढत गेलेल्या लाव्हाचा आपला सारा दख्खन बनला. रामशेजकडे पाहावे, पांडवलेण्यांच्या डोंगराकडे पाहावे. ते थर पायऱ्यांसारखे उघडे पडलेले दिसतात. मूल मात्र पाठमोरे बसून फेस मोजते आहे.

यावर शाळांच्या कैवाऱ्यांनी हसू नये. शाळांत 'प्रकल्प' नावाचा जो प्रकार चालतो तो याहून दरिद्री आहे. थर्मोकोलचा रायगड स्टेशनरीच्या दुकानातून येतो, प्रकल्पवहीतली चित्रे आदल्या रात्री वडील चिकटवितात, आणि गुण मुलाला मिळतात. ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे त्याला प्रकल्प म्हणणे म्हणजे वाढलेल्या ताटाला शेती म्हणण्यासारखे आहे. खोका आणि प्रकल्पवही ही एकाच आईची लेकरे.

मग करावे काय, असे कोणी विचारील. उत्तरासाठी मी नाशिकच्या बाहेर जाणार नाही. गावाच्या दक्षिणेस, मुंबईच्या वाटेवर, त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत त्यांतल्या दहाव्या लेण्याकडे चला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते कोरविले. तेथल्या एका ब्राह्मी लेखात त्याने भिक्षूंसाठी ठेवलेल्या पैशाचा हिशेब आहे. तीन हजार कार्षापण त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज भोगावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे.

आता मुलाच्या हाती पेन्सिल द्या. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. हिशेब पैनपै जुळतो. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या कोण्या कारकुनाने मांडलेले गणित नाशिकच्या चौथी-पाचवीतल्या पोराने आज तपासून 'बरोबर' अशी खूण करावी, याहून इतिहासाचा मोठा धडा मला ठाऊक नाही. त्याच लेखात पुढे सत्तर हजार कार्षापणांचे दोन हजार सुवर्ण होतात असे सांगितले आहे, पस्तिसांचा एक या दराने. तोही भागाकार मुलाने करून पाहावा. मग त्याला आकडे दाखवा. या लेखांत शून्य नाही. हजाराला स्वतंत्र चिन्ह आहे, आणि त्याच चिन्हाला दोनाची, तिनाची किंवा सत्तरची जोड दिली की दोन हजार, तीन हजार, सत्तर हजार होतात. शून्यावाचून हिशेब ठेवणे किती जिकिरीचे, हे त्या चिन्हांनी एक बेरीज करून पाहिल्यावर मुलाला जसे कळेल तसे 'शून्याचा शोध भारतात लागला' हे वाक्य शंभरदा घोकून कळणार नाही.

आणि मग ते मूल विचारील, एका श्रेणीने एक टक्का दिला, दुसरीने पाऊणच का? या प्रश्नाचे उत्तर लेखात नाही. तुमच्याजवळ नाही, माझ्याजवळ नाही, शिक्षकाजवळही नाही. खोक्यात तर नाहीच नाही. येथून शिक्षण सुरू होते. त्या मुलाला घेऊन येवल्यास जावे, पैठणीच्या मागावर बसलेल्या विणकराला विचारावे की बाबा, रेशमाला पैसा कोठून आणतोस, त्यावर व्याज काय पडते, आणि एकाला स्वस्त व दुसऱ्याला महाग का पडते. गोवर्धनचा विणकर गेला, पण त्याचा प्रश्न येवल्यात अजून जिवंत आहे.

याच नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक. आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. क्षहरातांचा पराभव झाला, एवढे एक वाक्य पुस्तकात असते. घरी ओल्या मातीची चकती करावी, तिच्यावर एका गुंडीचा ठसा उठवावा, त्यावर दुसऱ्या गुंडीचा दाबावा, आणि पहिल्याचे काय उरते ते पाहावे. खाली कोणाचा तरी चेहरा आहे आणि वर दुसऱ्याचा डोंगर बसला आहे, म्हणजे राज्य बदलले; पण चांदी तीच आहे, म्हणजे बाजार चालू राहिला. गुंडीला किती पैसे पडतात? खरी नाणी पाहावयाची असतील तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. नाशिकात जन्म गेला तरी तिची पायरी न चढलेली माणसे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत.

विज्ञानाचेही असेच. मीटरभर लांबीची सरळ काठी गच्चीवर उभी रोवावी. एकवीस मार्चच्या सुमारास मध्यान्ही तिची सावली मोजावी. सुमारे छत्तीस सेंटीमीटर भरते. त्रिकोण काढून कोन मोजला की वीस अंशांच्या आसपास येतो, आणि तेच नाशिकचे अक्षांश. वाटेत एक घोटाळाही होईल. घड्याळात बारा वाजून गेले तरी सावली लहान होतच राहील, साडेबारा उलटून गेल्यावर ती सर्वांत लहान होईल, आणि मूल म्हणेल घड्याळ चुकले. त्याला घाईने सांगू नये. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेचे आहे आणि आपण तिच्या पश्चिमेस पावणेनऊ अंश राहतो, दर अंशाला चार मिनिटे, वर सूर्याच्या स्वतःच्या चालीमुळे काही मिनिटांचा फेर, हे त्याला चार दिवस डोके खाजवून मिळू द्यावे. मे महिन्याच्या वीस-एकवीसला भरमध्यान्ही तीच काठी आपली सावली गिळून टाकते. जुलैतही एकदा गिळते, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात.

घर ही प्रयोगशाळा होऊ शकते हे त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी करून दाखविले आहे. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, आणि थांबून थांबून एकेक चित्र घेत महिनाभराची वाढ क्षणांत बसविली. फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये मुलगा, 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी. त्या घरातल्या पोरांना कोणी 'प्रकल्प' दिला नव्हता. घरात खरे काम चालले होते आणि ती त्यात होती.

घरच्या शिक्षणाची परंपराही आपल्याला परकी नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरात पंडिता रमाबाई घडल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना घरीच शिकविले, आणि नाशिकच्या मुक्कामातही तो अभ्यास चालू होता. परंतु ही उदाहरणे आजच्या मंडळींनी छातीवर मिरवू नयेत. त्या स्त्रिया घरी शिकल्या कारण शाळेची दारे त्यांना नव्हती. ती दारे उघडावयास जोतीराव आणि सावित्रीबाई १८४८ साली निघाले तेव्हा त्यांच्यावर काय काय फेकले गेले, हे विसरून 'शाळा आता मेली' असे म्हणणे मला सोसत नाही. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरच्या मुलीला 'घर' या शब्दाचा अर्थ विचारा. घर म्हणजे काखेतले धाकटे भावंड, घर म्हणजे पाण्याचा हंडा, घर म्हणजे हंगामात आईबापांबरोबर द्राक्षबागेच्या कडेला मांडलेली चूल. तिला शाळा ही सुटका आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क देतो आणि घरच्या शिक्षणाबद्दल अवाक्षर काढीत नाही. या मौनाचा लाभ आपण घेत आहोत हे घरी शिकविणाऱ्या पालकांनी ध्यानी ठेवावे. परीक्षेचे काय, ही भीती मात्र मी फारशी मानीत नाही. मुक्त विद्यालयाची मंडळे आहेत, परीक्षा देता येते.

आणखी एक गोष्ट, जी या विषयावरच्या चर्चेत हटकून टाळली जाते. घरी शिकवितो कोण? 'आम्ही शिकवितो' असे वडील सांगतात, आणि नोकरी सोडलेली असते आईने. मुलाच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली एका शिकलेल्या बाईला पुन्हा घरात बसविण्याचा हा बेत असेल तर त्याला नवा विचार म्हणू नये. सावली मोजायला बापालाही येते. एक दिवस रजा काढावी लागेल, एवढेच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काय केले? मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर नेली. शाळेच्या भिंती त्यांनीही मोडल्या, पण आपल्या एका मुलापुरत्या नव्हे. ज्या पालकांना वेळ आहे, वाचन आहे, गाडी आहे, त्यांनी आपले मूल घरी ठेवावयाचे तर खुशाल ठेवावे. पण लेण्यांकडे निघताना गाडीत चार जागा असतात. इमारतीच्या राखणदाराचा मुलगा महापालिकेच्या शाळेत जातो आणि रविवारी त्यालाही सुटी असते. दोनशे चाळीसचा हिशेब त्यालाही जमेल. व्याज म्हणजे काय, हे तर बहुधा तोच तुमच्या मुलाला समजावून सांगेल.

लेण्यांवर पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही. बरोबर वही, पेन्सिल आणि पाणी घ्यावे, कारण चढ बराच आहे. खोका घरीच राहू द्यावा.