लिलावाच्या पैशाचा पहिला धनी कोण?

रांग म्हणजे काय, हे तुळजापूरकराला शिकवावे लागत नाही. दर्शनबारीत कोण किती वेळ तिष्ठतो आणि पास घेऊन कोण पुढे जातो, हे तो रोज पाहतो. आमच्या जिल्ह्यात आणखी एक रांग वर्षानुवर्षे उभी आहे. ती बुडीत सहकारी साखर कारखान्यांच्या दाराशी. ढोकीचा तेरणा कारखाना जिल्हा बँकेच्या थकलेल्या कर्जापायी कित्येक हंगाम बंद राहिला आणि अखेर भाडेपट्ट्याने द्यावा लागला. सातारा जिल्ह्यातील जरंडेश्वर कारखाना राज्य सहकारी बँकेने 2010 मध्ये 65 कोटी 75 लाखांना लिलावात विकला. पुढे 2021 मध्ये त्यावर सक्तवसुली संचालनालयाची जप्ती आली. भाडे असो वा विक्री, हाती आलेल्या रुपयाला प्रथम कोणी हात लावावा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

बँक म्हणते, गहाणखत आमच्याकडे आहे. या म्हणण्याची टवाळी करणे आम्हांस मान्य नाही. जिल्हा बँकेतील पैसा कोणा सावकाराचा नव्हे. तो शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, पतपेढीचा आहे. परंतु बँकेने कर्ज दिले ते तारण पाहून, व्याज ठरवून, धोका जोखून. कामगाराने व ऊस उत्पादकाने कोणते तारण घेतले होते?

कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीची गोष्ट तर सर्वस्वी निराळी आहे. पगारातून कापलेला आणि निधीत न भरलेला हिस्सा ही कारखान्याची मालमत्ताच नव्हे. ती विश्वासाने सोपविलेली ठेव होय. जे कारखान्याचे नव्हतेच, ते कारखान्याच्या कर्जापोटी बँकेने घ्यावे, हे कोणत्या न्यायात बसते? 1952 च्या निधी कायद्याने या रकमेचा मालमत्तेवर पहिला बोजा ठरविला, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सहकारी बँकेच्याच प्रकरणात, बँकेकडे तारण असलेल्या साखरेच्या बाबतीतही, तो मान्य केला. थकीत पगाराच्या पाठीशी मात्र एवढा भक्कम आधार नाही.

ऊस उत्पादकाचे दुःख वेगळे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, म्हणून भाव हाती येण्यापूर्वीच त्याला तो गव्हाणीत टाकावा लागतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर शेकडा 15 व्याज द्यावे, असे बजावले. वसुली महसुली थकबाकीप्रमाणे करण्याची तरतूदही झाली. पण जिल्हाधिकाऱ्यांचा माणूस जप्तीला जातो, तेव्हा भिंतीपासून बॉयलरपर्यंत सारे आधीच गहाण पडलेले असते.

राहिला सभासद. त्याने रांगेत शेवटी उभे राहावे, असे म्हणताना आम्हांस बरे वाटत नाही. पण संचालक मंडळ निवडून देण्याचा अधिकार त्याच्याच हाती होता. कामगाराच्या हाती तोही नव्हता.

आमचा मुख्य आक्षेप यापुढचा आहे. 2002 च्या ज्या कायद्याने बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते, त्यात विसर्जनात निघालेल्या कंपनीच्या कामगारांचा वाटा विक्रीच्या पैशातून राखून ठेवण्याची तजवीज आहे. सहकारी कारखान्याच्या कामगाराला ते वाक्य लागू होत नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेने कंपनी-कामगाराच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला तारणधारक बँकेच्या बरोबरीचे स्थान दिले. सहकारी कारखान्यांपर्यंत तेही पोचले नाही. म्हणजे खासगी मालकाची चाकरी करणारा बुडतीच्या वेळी अधिक सुरक्षित, आणि शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्यात जन्म घालविलेला उघड्यावर! सहकाराच्या नावाने भाषणे करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

ही दुरुस्ती दिल्लीतच व्हावी लागेल, आणि तेथे ती मागण्यास जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आता विलंब लावू नये. तोवर निदान एवढे व्हावे: विक्री अथवा भाडेपट्टा जाहीर होण्यापूर्वी निधी, पगार, उपदान आणि ऊसबिले यांची नावनिशीवार यादी तहसील कचेरीत लागावी, आलेली रक्कम साखर आयुक्तांच्या देखरेखीखालील स्वतंत्र खात्यात पडावी, आणि यादीवरील हरकतींचा निकाल लागेपर्यंत त्यातला पैसा कोणत्याही कर्जखात्यात वळता होऊ नये.