सायकल आमची, रस्ता कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, सायकल हा काय आपल्या अंकाचा विषय झाला का, असं विचारणारे विचारणारच. खैरलांजी (२००६) झालं, खर्डा (२०१४) झालं, आणि हा गडी टायर-ट्यूबवर लिहीत बसलाय! शुद्ध हवा, तब्येत, पर्यावरण ही भरल्या पोटाची भाषा, ती त्यांना बोलू दे. खरंय. मला हवेवर बोलायचंच नाही. मला रस्त्यावर बोलायचंय. आणि रस्ता हा या देशात पहिल्यापासून जातीचा विषय आहे.

मी गेलं दीड वर्ष येरवड्याहून शिवाजीनगरच्या ऑफिसात सायकलने जातो. त्याआधी चार वर्षं गाडीने जात होतो. गाडी जुनी होती, कर्जाची होती, पण माझी होती. ती घेतली यात काडीचं चुकलं नव्हतं. सोडली ती साध्या हिशेबाने. बंडगार्डनचा पूल, पुणे स्टेशन, मालधक्का, संगम पूल या सात-आठ किलोमीटरला सकाळी गाडीने पाऊण तास मोडायचा, सायकलने पस्तीस मिनिटं लागतात. हप्ता, पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती मिळून पगाराचा पाचवा हिस्सा गाडी खायची. तो पैसा आता धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीला जातो. बस. मी काय साधू झालेलो नाही.

पण बिनगिअरची, कॅरेजवाली, सेकंडहँड सायकल ऑफिसच्या फाटकातून आत घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की या देशात सायकललासुद्धा जात असते. एकाने विचारलं, "काय रे, हप्ते थकले वाटतं?" दुसरा पाठीमागे म्हणाला, "आला शेवटी जागेवर." त्याच मजल्यावर एक साहेब आहेत. त्यांची सायकल माझ्या दोन पगारांची. दर रविवारी डोक्यावर हेल्मेट, पुढे दिवा, मागे दिवा लावून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. त्यांचा फोटो नोटीस बोर्डावर लागला. चाकं त्यांच्याही सायकलला दोनच. त्यांनी पायडल मारलं की तो फिटनेस. आम्ही मारलं की ती आमची ऐपत!

वस्तीतही वेगळं नाही. आई म्हणाली, "एवढं शिकून सवरून बापासारखंच पायडल मारत जातोस व्हय रं?" बाप तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात सायकलवर गेला. पोराच्या बुडाखाली गाडी यावी म्हणून गेला. आईच्या प्रश्नाला मी हसलो नाही. तुम्हीही हसू नका. त्या प्रश्नामागे इतिहास आहे.

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तेव्हा ते कोलंबियाचे आणि लंडनचे पदवीधर होते, बॅरिस्टर होते. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला नकार दिला. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेला आपलाच एक माणूस हाकायला बसला. पुलाजवळ घोडा उधळला, बाबासाहेब खाली फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. त्याआधी १८९३ साली केरळात अय्यनकाली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्याने निघाले, कारण त्या रस्त्यावर त्यांच्या लोकांना मज्जाव होता. १९२४-२५ चा वायकोमचा सत्याग्रह देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठीच होता. तमिळनाडूत कितीतरी गावांत आपल्या माणसाला सवर्णांच्या आळीत सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यावी लागे. आणि नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरातीवर दगड पडल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो.

म्हणून कुणी येऊन आमच्या पोरांना 'गाड्या सोडा, पृथ्वी वाचवा' असं शिकवायला लागला, तर त्याला सांगा, की पहिल्यांदा तू सोड. तुझ्या घरात तीन आहेत. गाडीत बसायचा हक्क आम्ही फुकट मिळवलेला नाही. मी गाडी सोडली, तो हक्क सोडलेला नाही.

आता दुसरी बाजू. ती आपल्याच लोकांना सांगायची आहे, म्हणून जरा झोंबेल. नेत्याची पांढरी गाडी, पुढे निळा झेंडा, मागे आणखी चार गाड्या. बाजूने सायकलवर चाललेला आपलाच माणूस धूळ खात कडेला होतो. माणसाची किंमत बुडाखालच्या गाडीवरून ठरवायची हे माप कुणाचं? आपलं नाही. ते ज्यांचं आहे त्यांनीच ते आपल्या हातात दिलंय आणि आपण त्याच मापाने आपल्याच माणसाला मोजतोय.

त्या मापात न बसणारे किती आहेत? २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती धंदा सोडून इतर काम करणाऱ्यांना विचारलं होतं, कामावर कसे जाता. सायकलने जाणारे सुमारे २ कोटी ६० लाख निघाले. मोटारीने जाणारे ५५ लाखांच्या आसपास. म्हणजे एका मोटारवाल्यामागे चार-पाच सायकलवाले! आणि रस्ता कुणासाठी रुंद होतो? सकाळी सहाला बंडगार्डनच्या पुलावर उभे राहा. रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, हँडलला डबा अडकवलेला हेल्पर, रंगारी, झाडूवाला. यांना कुणी 'सायक्लिस्ट' म्हणत नाही. यांचा फोटो नोटीस बोर्डावर लागत नाही. ट्रकने उडवलं तर 'अज्ञात इसम'.

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवत होतं. २०१७ साली शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. माझ्या रस्त्यावर ट्रॅक म्हणजे एक रंगवलेली पट्टी. तिच्यावर गाड्या उभ्या असतात, आणि ती जाऊन संपते विजेच्या डीपीला. मुंबईचा कोस्टल रोड २०२४ साली सुरू झाला. हजारो कोटी सार्वजनिक पैसा. त्यावर सायकलला बंदी, मोटरसायकललाही बंदी. पैसा सगळ्यांचा, रस्ता मोटारवाल्यांचा.

हे ऐकून काही आठवतंय का? १९२३ साली बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. कागदावर खुली झाली. पाणी मात्र २० मार्च १९२७ ला महाडला जाऊन ओंजळीने प्यावं लागलं. चवदार तळ्याची आणि सायकलच्या पट्टीची बरोबरी मी करत नाही. पण सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचं, हे तत्त्व तेच आहे. आणि कागदावरचा ठराव आपोआप रस्त्यावर उतरत नाही, हा धडाही तोच.

सायकल चळवळीला परकीही नाही. पुण्यातली सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी सोडलेल्या कांशीरामांनी १९८३ साली डीएस-फोरची सायकल यात्रा काढली. दिल्लीहून निघून गावोगाव गेले. पैसा नव्हता, गाड्या नव्हत्या. पाय होते आणि चाकं होती. वर्षभरात पक्ष उभा राहिला, पुढे त्याच पक्षाने उत्तर प्रदेशात सत्ता घेतली. तेव्हा सायकलची लाज वाटली नाही. आत्ताच का वाटते?

तेव्हा पोरांनो, ज्याला गाडी घ्यायची त्याने खुशाल घ्यावी, ताठ मानेने चालवावी. ज्याला सायकल परवडते, आवडते, सोयीची पडते, त्याने तितक्याच ताठ मानेने चालवावी. पण दोघांनी मिळून एक करा. पुढच्या वेळी मतं मागायला जो दारात येईल, त्याला उड्डाणपुलाचं विचारू नका. त्याला विचारा: एमआयडीसीकडे, ससूनकडे, मार्केट यार्डाकडे पहाटे जाणाऱ्या सायकलवाल्यासाठी सलग, सुरक्षित पट्टी कुठाय? तिच्यावरच्या गाड्या कोण उचलणार? ती डीपीला जाऊन का संपते? उत्तर मिळालं नाही, तर शे-दोनशे सायकली घेऊन भर रस्त्यातून, अगदी मधोमध, त्याच्या ऑफिसपर्यंत जाऊ.

कडेने खूप वर्षं गेलो.