उजनीचे पाणी आणि समन्यायाची कसोटी

उजनीच्या पाण्यावरून प्रत्येक अवर्षणात पुणे आणि सोलापूर या दोन जिल्ह्यांत जो वाद माजतो, तो केवळ वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांचा कलह आहे असे समजणे चुकीचे होईल. कायदा करावयाचा, पण तो वेळेवर अमलात आणावयाचा नाही, आणि धरण आटल्यावर मोर्चे काढावयाचे, या आपल्या सार्वजनिक सवयीचे ते फळ आहे.

नदीवर पहिला हक्क वरच्याचा, हा समज जगाने केव्हाच टाकून दिला आहे. वरच्या राष्ट्रावर खालच्याचे कोणतेही कायदेशीर बंधन नाही, असे मत अमेरिकेचे ॲटर्नी जनरल हार्मन यांनी 1895 मध्ये दिले होते. त्याच अमेरिकेने 1906 च्या तहाने मेक्सिकोला पाण्याचा वाटा मान्य केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये कावेरीच्या निकालात, आंतरराज्य नदी कोणा एका राज्याच्या मालकीची नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. कृष्णा खोऱ्यात बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्यास 560 अब्ज घनफूट पाणी दिले. परंतु राज्याच्या वाट्यात पुण्याचे किती आणि सोलापूरचे किती, हा तंटा राज्याने घरातच सोडवावयाचा आहे.

त्याचे साधन 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. टंचाईची झळ खोऱ्यातील सर्वांनी सारखी सोसावी, यासाठी खरिपातील वापर हिशेबात धरून ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतील वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी जवळजवळ सारखी राखावी, असे हा कायदा सांगतो. गोदावरी खोऱ्यात प्राधिकरणाने 2014 मध्ये याच तत्त्वावर आदेश दिला, 2016 मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि 2023 मध्ये नाशिक-नगरच्या विरोधास न जुमानता जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागले. भीमा खोऱ्यात मात्र 2013 च्या दुष्काळात घसा कोरडा पडल्यावर मोहोळच्या शेतकऱ्यांना आझाद मैदान आणि उच्च न्यायालय गाठावे लागले. जो हिशेब ऑक्टोबरात व्हावयाचा, तो उन्हाळ्यात मागण्याची पाळी यावी, यातच प्रशासनाचे अपयश आहे.

येथवर सोलापूरचे गाऱ्हाणे न्याय्य आहे. परंतु न्याय मागणाऱ्याचे हातही स्वच्छ असावे लागतात. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 अब्ज घनफूट असली तरी उपयुक्त साठा 53 अब्जांच्या आसपासच आहे. उरलेला मृतसाठा होय, आणि टंचाईत आपण त्यालाही हात घालतो. साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर असलेल्या या जिल्ह्यात कालव्याचे पाणी उसाकडे ओढले जाते आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहतो. शहराच्या पिण्यासाठी म्हणून वर्षानुवर्षे नदीपात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत सोडलेल्या पाण्यातील मोठा भाग वाटेतच संपला. एप्रिल 2021 मध्ये, पुण्याहून येणाऱ्या सांडपाण्याच्या नावाखाली, उजनीतून इंदापूरला 5 अब्ज घनफूट देण्याचा निर्णय झाला, तेव्हा सारा जिल्हा पेटून उठला आणि मे महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. तो विरोध रास्त होता, कारण आधीच वाटून झालेले पाणी पुन्हा वाटता येत नाही. तथापि उजनीच्या फुगवट्याखाली इंदापूर आणि करमाळ्याच्याच जमिनी गेल्या, हेही विसरता येणार नाही. पुण्यापुढे आपण खालचे असू, पण पंढरपूर-मंगळवेढ्याच्या कालव्याच्या टोकापुढे आपल्यापैकी अनेकजण वरचेच आहेत.

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या तीन आहेत. ऑक्टोबरअखेर भीमा खोऱ्यातील प्रत्येक धरणाचा साठा आणि त्याची टक्केवारी जाहीर व्हावी. तफावत आढळल्यास प्राधिकरणाने कोणाच्या अर्जाची वाट न पाहता, उन्हाळ्यापूर्वीच निर्णय द्यावा. आणि बारमाही पिकांना अधिसूचित क्षेत्रात ठिबक वा तुषार सिंचन बंधनकारक करण्याचा जो अधिकार याच कायद्याने दिला आहे, तो उजनीच्या लाभक्षेत्रात निर्भयपणे वापरावा. पहिल्या दोन मागण्यांनी पुणे दुखावेल, तिसरीने आपल्याच जिल्ह्यातील बलाढ्य माणसे दुखावतील. तिन्ही एकत्र मागण्याचे धैर्य सोलापूरने दाखविले, तरच त्याच्या पाण्याच्या हक्काला नैतिक बळ येईल.