बाबा बरोबर होते, म्हणून बाद?

भोपाळमधल्या एका स्मरणिकेत सायकलस्वारीवरचा एक लेख नुकताच वाचला. लेखक अनुभवी आहेत, पायांनी दणकट आहेत आणि मतांनी त्याहून दणकट. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लांब पल्ल्याची सायकल सफर एकट्याने करावी, फार तर बरोबरीच्या गड्यांसोबत. आई किंवा वडील बरोबर आले की वेग पडतो, मुक्काम वाढतात, लॉजवर गरम पाण्याची चौकशी सुरू होते आणि मोहिमेची सहल होते. अशी माणसे ठरलेल्या गावी पोहोचली तरी त्यांनी सफर पूर्ण केली असे म्हणू नये, घरच्यांना फिरवून आणले म्हणावे. शिवाय उतारवयातल्या माणसाला हायवेवर काढणे हा क्रूरपणा. आणि जाता जाता एक टोला: हल्ली प्रत्येकाला श्रावणबाळ व्हायचे असते, तेही फोटोपुरते.

लेखात नाव कोणाचेच नाही. पण आनंद नगरहून बाबांबरोबर सायकलने नागपूर गाठणाऱ्या मुली या शहरात गल्लोगल्ली नाहीत, तेव्हा रोख कोणाकडे आहे हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

सुरुवात त्या 'एकट्याने'पासून करते, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे. लेखकमहाशयांनी आदर्श म्हणून 'रेस अक्रॉस अमेरिका'चे उदाहरण दिले आहे. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4800 किलोमीटर. उदाहरण उत्तम, पण देण्याआधी त्या शर्यतीचे नियम वाचले असते तर बरे झाले असते. एकेरी गटात उतरणाऱ्यालाही तिथे गाडी आणि मदतनीसांचे पथक ठेवावेच लागते. रात्री तर गाडी थेट पाठीमागे हवी, तिच्या दिव्यांच्या झोतातच सायकल चालवायची. कोणी भरवतो, कोणी पाय रगडतो, कोणी रस्ता सांगतो, कोणी झोपेतून हलवून उठवतो. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 साली ही शर्यत एकेरी गटात 11 दिवस 21 तासांत, म्हणजे बारा दिवसांच्या मुदतीच्या आत संपवली. त्या कर्तृत्वापुढे माझ्यासारखीने हात जोडावेत. पण अगदी एकट्याने ती शर्यत करायची म्हटली, तर नियमच करू देणार नाहीत. त्याच्या दोन वर्षे आधी, 2015 साली, ती पुरी करणारा पहिला भारतीय संघ होता नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांचा. दोघांचा संघ, दोघे सख्खे भाऊ. म्हणजे भाऊ चालतो, बाप चालत नाही. रक्ताच्या नात्यातली ही वाटणी कोणत्या तलाठ्याने केली?

गाडीभर माणसे मागे असूनही ज्याला आपण बिनदिक्कत 'एकेरी' म्हणतो, त्याच्या शेजारी माझ्या बाबांना उभे करून बघा. बाबांनी मला भरवले नाही की माझे पाय चेपले नाहीत. त्यांची सायकल त्यांनी चालवली, माझी मी. दोन सायकली, दोन पंप, पाठीमागे गाडी नाही. तरी ती मोहीम नव्हे, कारण काय, तर शेजारच्या सायकलवर जन्मदाता होता!

खरोखर एकटे जाणारेही असतात, नाही कशाला म्हणू? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 साली, वयाच्या विशीत, सुमारे 29 हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा 159 दिवसांत केली, बहुतेक अंतर एकटीने. गंमत अशी की डिसेंबरात कोलकात्याला पोहोचल्यावरही तिची फेरी कागदोपत्री पुरी झालेली नव्हती. सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून झाली होती, म्हणून तिथे परत जाऊन राहिलेले 15 किलोमीटर चालवायचे होते. पूर्णता ठरते ती अशी, रेघेवरून. शेजारी कोण होते यावरून नव्हे. आम्ही रेघ नागपूरला आखली होती आणि ती ओलांडली.

एकटेपणाच्या भक्तांना आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीचे फार कौतुक असते. मलाही आहे. दहाव्या वाढदिवसाला तिला सायकल आणि नकाशांचे पुस्तक मिळाले आणि तिने ठरवले की सायकलने भारतात जायचे. हा किस्सा सगळे सांगतात. मधला भाग मात्र गाळतात. चौदाव्या वर्षी तिची शाळा सुटली ती सांध्यांच्या विकाराने जखडलेल्या आईची सेवा करायला. 1962 साली आई गेली आणि 1963 च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, ती निघाली ती दिल्लीपर्यंत आली. म्हणजे जिच्या एकटीच्या प्रवासाचे गोडवे गायचे, तिच्या निघण्याची तारीख आईच्या आजारपणाने ठरवलेली. पुढे तीच बाई आपल्या लहानग्या मुलीला घेऊन कूर्गला आली, बाल्टिस्तानच्या हिवाळ्यात हिंडली. तेव्हा पालक बरोबर असल्याने तो प्रवास बाद झाला, असे त्या पोरीला कोणी ऐकवल्याचे माझ्या वाचनात नाही.

'बरोबरीचे गडी' हा दुसरा आधार. 1923 च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. सगळे जवान, सगळे तालमीतले. 1928 च्या मार्चमध्ये फेरी पुरी करून परतले ते तिघेच: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. बरोबरीचे असणे ही काही पोहोचण्याची हमी नव्हे.

पण मराठी माणसाने हा आक्षेप घ्यावा याचे मला खरे नवल वाटते. तुकोबांच्या पालखीची प्रथा त्यांच्या मुलाने, नारायण महाराजांनी, 1685 साली सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडे लांब पल्ला म्हणजे आजी, सून, नातू, शेजारची काकू असे सगळे एका दिंडीत. आजच्या दिंडीपुढे ट्रक जातो. त्यात पाले, भांडी, पिठाची पोती, वारकऱ्यांच्या वळकट्या. पाय दुखणारी म्हातारी एखादा टप्पा त्याच ट्रकात बसते. पंढरपुरात कळसाला हात जोडताना 'आजी, तुमची वारी पुरी झाली नाही, लोणंदपर्यंत तुम्ही ट्रकात होता' असे म्हणणारा कारकून अजून जन्मला नाही. नाशिकहून पंढरपूरला सायकल वारीही जाते. तिथे आमच्या लेखकांना तपासनीस म्हणून पाठवावे.

या गृहस्थांशी माझा जुना वाद आहे, तोही सांगून टाकते. घाटात उतरून सायकल हातात धरली की घाट चढला असे म्हणता येत नाही, हे त्यांचे आवडते मत. आम्ही बैतूलच्या अलीकडे बरेठा घाटात उतरलो होतो, आणि पुन्हा गेलो तर पुन्हा उतरू. त्याआधीचा वाद गियरचा होता: गियरवाली सायकल म्हणजे अर्धी फसवणूक. तेव्हा मी त्यांना 'टूर द फ्रान्स'चा इतिहास सांगितला होता. त्या शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचे मत होते की गियर बदलण्याची सोय पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहे, मर्दांनी ताकदीवर जिंकावे. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गियरला त्या शर्यतीत 1937 पर्यंत मज्जाव होता. त्याआधी स्वार चढ आला की उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि पुढे जायचे. आज बिनगियरची सायकल घेऊन तिथे कोणी गेला तर त्याला वेड्यात काढतील. शुद्धतेच्या या पहारेकऱ्यांना दर पिढीत कोणीतरी म्हातारा सापडतोच, ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येते की हे त्याच्यासाठी, आपल्यासाठी नव्हे.

वयाचे म्हणाल तर फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी 2017 साली, वयाच्या 105 व्या वर्षी, बंदिस्त धावपट्टीवर तासाभरात 22.547 किलोमीटर सायकल चालवली. माझे बाबा त्यांच्यापुढे बाळ आहेत.

क्रूरपणाचे म्हणाल तर बाबांना विचारून लिहायचे होते. पिपलानीच्या क्वार्टरमधून भेलच्या फाटकापर्यंत ते अख्खी नोकरी सायकलने गेले-आले. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा सुटायचा तेव्हा कोणी म्हटले नाही की कामगारांशी क्रूरपणा चाललाय. तीच सायकल तोच माणूस निवृत्तीनंतर, स्वतःच्या मर्जीने चालवतो तेव्हा मात्र लोकांना पान्हा फुटतो. ट्रक वय विचारून धडक देत नाही. हायवे धोक्याचा असेल तर तो पंचविशीतल्यालाही आहे, आणि त्याच्याबद्दल ओरड करायला माझी ना नाही.

राहिला श्रावणबाळ. इथे मात्र मी लेखकाच्या बाजूची आहे, पण त्यांना ते आवडणार नाही. मलाही ही उपमा नको. श्रावणाचे आईवडील कावडीत बसले होते. माझ्या बापाने पॅडल मारले. त्यांना मी नेले नाही. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, पंधरा वर्षांच्या ज्योती कुमारीने जखमी वडिलांना सायकलच्या कॅरियरवर बसवून गुरुग्रामहून बिहारमधल्या दरभंगा जिल्ह्यातल्या आपल्या गावी नेले, सुमारे 1200 किलोमीटर. त्या प्रवासाला सफर म्हणायची माझी हिंमत नाही. हौसेचा त्यात कणही नव्हता, रेल्वे नव्हती, खोलीचे भाडे थकले होते. देशाने काय केले? तिला श्रावणकन्या ठरवले. वॉशिंग्टनहून कौतुकाचे ट्वीट आले, सायकल महासंघाने चाचणीला बोलावले, 2021 च्या जानेवारीत राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात तिचे वडील वारले. त्या बापलेकीला हव्या होत्या रेल्वेतल्या दोन जागा. मिळाल्या त्या टाळ्या. मातृपितृभक्तीच्या गोष्टीचा हा तोटा आहे: ती एकदा सांगितली की रस्ता, रेल्वे, सरकार, कोणालाच काही विचारावे लागत नाही, आणि कॅरियरवर बसलेल्या माणसाला काय वाटत होते हे तर मुळीच नाही. आमच्या लेखकांना श्रावण खोटा वाटतो म्हणून राग आहे. मला तो खराच वाटतो म्हणून आहे.

आता माझी बाजू. ती फार लांबलचक नाही.

नागपूरला जायचे बाबांनी काढले. मूळ घर सावनेरकडचे, नोकरीला आले ते रेल्वेने, आणि नंतर आयुष्यभर येणेजाणे रात्रीच्या गाडीने. मधला रस्ता त्यांनी झोपेत पार केला होता. तो जागेपणी बघायचा होता. मला त्यांनी विचारले, येतेस का. म्हणजे बरोबर कोण होते याचा हिशेब लावायचाच तर बाबा माझ्या सफरीत नव्हते, मी त्यांच्या सफरीत होते. आनंद नगरहून कोकत्याच्या बायपासने अकरा मैलाला लागायचे, मग मंडीदीप, औबेदुल्लागंज, रातापानीच्या जंगलाची कड, बुधनीला उतरून नर्मदा, पुढे इटारसी, बैतूल, तापीच्या उगमाचे मुलताई, पांढुर्णा, सावनेर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तरुण पोरे हे दोन दिवसांत उरकतात. आम्ही उजाडता निघायचो, उन्हे चढायच्या आत थांबायचो. दुपार त्या त्या गावाची. मुलताईच्या कुंडाच्या पायऱ्यांवर आम्ही जेवढे बसलो तेवढा वेळ या लेखकाने अख्ख्या मध्य प्रदेशात कुठे काढला असेल असे वाटत नाही. पांढुर्ण्याचा आता स्वतंत्र जिल्हा झालाय, 2023 पासून. तिथल्या चहावाल्याशी बाबांनी त्यांच्या लहानपणच्या बोलीत तासभर संत्र्याच्या बागांचे भाव काढले. ती बोली घरी मी कधी ऐकली नव्हती.

यात मोहीम कुठे आहे, असे विचाराल. एकटी असते तर मला एका माणसाला पोहोचवायचे होते. इथे दोघांना पोहोचायचे होते, आणि दोघांपैकी ज्याचे गुडघे आधी बोलतील त्याचे ऐकायचे होते. कधी बाबांचे बोलले, कधी माझे. इटारसीच्या पुढे माझे बोलले.

लेखाच्या शेवटी एक सूचना आहे. पुढच्या स्मरणिकेत वर्षभरातल्या सफरींची यादी येईल, तेव्हा आईवडिलांसोबत केलेल्या सफरी वेगळ्या मथळ्याखाली, 'सहकुटुंब' म्हणून छापाव्यात. माझी हरकत नाही. फक्त मग वरच्या 'एकट्याने' या मथळ्याखाली प्रत्येक नावापुढे आणखी तीन रकाने घालावेत: मागच्या गाडीचा नंबर, चालकाचे नाव, आणि घरी मुलांना कोण सांभाळत होते.